आतड्यातील जिवाणू, ताणाचे संप्रेरक आणि उंदरांचे परस्परांशी वागणे : वेई-ली वू यांच्या संशोधनाविषयी

अनुस्वार :

अनोळखी उंदीर पिंजऱ्यात आला की एरवीचा निरोगी उंदीर त्याच्याजवळ जातो, त्याला हुंगतो आणि काही काळ त्याच्यामागे फिरत राहतो. ज्या उंदरांच्या आतड्यात जिवाणू नसतात, ते हे बरेच कमी करतात. एवढे निरीक्षण आधीपासून हाती होते. परंतु जिवाणूंचा अभाव आणि हे अलिप्त वागणे यांच्या दरम्यान शरीरात नेमके काय घडते, याचे टप्प्याटप्प्याने तपासलेले उत्तर २०२१ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाने दिले. त्याचे पहिले लेखक वेई-ली वू हे चेताविज्ञानाचे संशोधक. हे काम कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील सार्किस मॅझमॅनियन यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आले. वू यांची स्वतःची प्रयोगशाळा आता तैवानमध्ये, तैनान येथील नॅशनल छंग कुंग विद्यापीठात आहे. या विषयावर मराठीत जे वाचायला मिळते ते बहुधा ‘पोट चांगले तर मन चांगले’ एवढ्यावर थांबते, म्हणून या निबंधातील युक्तिवाद सविस्तर मांडावा असे वाटले.

आधी थोडी पार्श्वभूमी. संकटाची चाहूल लागली की मेंदूतील हायपोथॅलॅमसच्या एका भागातील चेतापेशी सीआरएच नावाचे संप्रेरक सोडतात. ते पियुषिका ग्रंथीपर्यंत पोचते, पियुषिका एसीटीएच सोडते, आणि ते रक्तावाटे मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींकडून कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक स्रववून घेते. उंदरांमध्ये कॉर्टिसॉलचे काम कॉर्टिकोस्टेरॉन करते. रक्तातील साखर वाढवणे, दाह रोखणे ही त्याची कामे परिचित आहेत. परंतु ते मेंदूतही शिरते आणि तेथील ग्राहींना (पेशींतील, संप्रेरक जेथे जोडले जाते त्या रेणूंना) चिकटून वागणुकीवर परिणाम करते, हा भाग आपल्या विषयासाठी अधिक महत्त्वाचा आहे.

वू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन प्रकारचे उंदीर घेतले. एक, जन्मापासून जंतुविरहित वातावरणात वाढवलेले. दुसरे, सर्वसाधारण वाढलेले, पण ॲम्पिसिलिन, व्हँकोमायसिन, निओमायसिन आणि मेट्रोनिडाझोल या प्रतिजैविकांच्या मिश्रणाने आतड्यातील जिवाणू जवळजवळ नष्ट केलेले. दोन्ही गटांत अनोळखी उंदराशी होणारा व्यवहार घटला आणि त्या भेटीनंतर रक्तातील कॉर्टिकोस्टेरॉन नेहमीपेक्षा अधिक वाढलेले आढळले. ताणाशी संबंधित मेंदूच्या भागांतील चेतापेशीही अधिक सक्रिय झालेल्या दिसल्या.

येथे अनेक अभ्यास थांबतात आणि ‘संबंध आढळला’ असे लिहून मोकळे होतात. या गटाने त्यापुढे जाऊन साखळीची एकेक कडी तोडून पाहिली, आणि माझ्या मते या कामाचे खरे मोल तेथे आहे. अधिवृक्क ग्रंथी शस्त्रक्रियेने काढल्या, तेव्हा प्रतिजैविके दिलेले उंदीर पुन्हा अनोळखी उंदराकडे जाऊ लागले. ग्रंथी तशाच ठेवून कॉर्टिकोस्टेरॉनची निर्मिती औषधाने रोखली, तरी हेच घडले. संप्रेरक तयार होऊ दिले पण त्याचे ग्राही औषधाने अडवले, तरीही हेच घडले. त्यानंतर जनुकीय तंत्राने मेंदूच्या ठरावीक भागांतलेच ग्राही काढून टाकले, आणि पुढे तर हायपोथॅलॅमसमधील सीआरएच तयार करणाऱ्या चेतापेशी तेवढ्या शांत केल्या. प्रत्येक वेळी वागणूक सुधारली. याच्या उलटचा प्रयोगही केला गेला. ज्यांचे जिवाणू शाबूत आहेत अशा उंदरांतील त्याच चेतापेशी मुद्दाम उत्तेजित केल्या, तेव्हा ते निरोगी उंदीर अलिप्त वागू लागले. म्हणजे जिवाणू असतानाही ही वाट उघडली की तोच परिणाम दिसतो, आणि जिवाणू नसतानाही ती बंद केली की परिणाम नाहीसा होतो.

शेवटी, जिवाणूंच्या गर्दीतून हा ताण आवरणारा कोण, याचा शोध घेताना एंटेरोकॉकस फीकॅलिस हा जिवाणू हाती लागला. तो दिलेल्या उंदरांचे कॉर्टिकोस्टेरॉन उतरले आणि त्यांचा इतर उंदरांशी व्यवहार वाढला.

हे सारे उंदरांविषयी आहे, हे मी जाणीवपूर्वक पुनःपुन्हा लिहीत आहे. मानवाविषयी यावरून किती बोलता येईल, यावर जाणकारांचे मत वाचायला आवडेल.

मृण्मयी_क :

अतिशय नेमके लिहिले आहे. दोन प्रश्न आहेत. पहिला, जिवाणू आतड्यात असतात आणि चेतापेशी मेंदूत. मग निरोप कोणत्या वाटेने जातो? मी आजवर असे वाचत आले की शरीरातील बहुतेक सेरोटोनिन आतड्यात तयार होते आणि त्यामुळे मन प्रसन्न राहते. ते खरे मानावे काय?

दुसरा प्रश्न थोडा वैयक्तिक आहे. माझ्या मुलाला लहानपणी कानाच्या संसर्गासाठी वारंवार प्रतिजैविके द्यावी लागली. तो आता शाळेत जातो आणि स्वभावाने बुजरा आहे. असे निष्कर्ष वाचले की आईच्या मनात शंका येतेच. त्याबद्दल कोणी जबाबदारीने सांगू शकेल काय?

अनुस्वार :

मृण्मयीताई, आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर घाईने देऊ नये असे वाटते. त्याकडे सवडीने येतो. पहिल्याचे देतो.

सेरोटोनिनबद्दलचे विधान अर्धे बरोबर आहे. शरीरातील ९० टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात तयार होते, आणि ते तयार करणाऱ्या पेशींना काही जिवाणू चालना देतात, हे एलेन शिआओ यांच्या गटाने २०१५ साली उंदरांत दाखवले. परंतु रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ते सेरोटोनिन ओलांडू शकत नाही. मेंदू आपले सेरोटोनिन स्वतः तयार करतो. आतड्यातल्या सेरोटोनिनची कामे आतड्याची हालचाल, रक्त गोठणे यांच्याशी निगडित आहेत. मनाशी त्याचा संबंध असलाच तर तो आडवाटेने आहे.

वाटा एकाहून अधिक आहेत. व्हेगस ही मेंदूच्या तळातून निघून पोटापर्यंत उतरणारी चेता आहे, आणि तिच्यातील बहुसंख्य तंतू निरोप खालून वर नेणारे आहेत. आतड्याच्या अस्तरात संप्रेरके स्रवणाऱ्या पेशी विखुरलेल्या असतात. भूक आणि तृप्ती यांच्याशी संबंधित जीएलपी-१, पीवायवाय, कोलेसिस्टोकायनिन ही त्यांचीच संप्रेरके. या पेशी आपला निरोप फक्त रक्तात सोडतात अशी जुनी समजूत होती. २०१८ साली ड्यूक विद्यापीठातील दिएगो बोहॉर्केझ यांच्या गटाने ‘सायन्स’मध्ये दाखवले की त्यांतील काही पेशी व्हेगसच्या तंतूंशी थेट जोडलेल्या असतात आणि साखरेची वर्दी काही मिलिसेकंदांत मेंदूच्या तळापर्यंत पोचवतात. याखेरीज तंतुमय अन्न आंबवून जिवाणू जी ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात ती आहेत, ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाची विल्हेवाट आहे, पित्ताम्लांत जिवाणू घडवतात ते बदल आहेत, आणि प्रतिकारयंत्रणा तर आहेच.

प्रभाकर_ना :

मी पोटाच्या आणि यकृताच्या विकारांचा डॉक्टर आहे, म्हणून रुग्णालयातील एक रोजची गोष्ट येथे मांडतो. आतड्यातील जिवाणू माणसाचे वागणे बदलू शकतात काय, या प्रश्नाचे एक निःसंदिग्ध उत्तर वैद्यकाकडे कित्येक दशके आहे, आणि या चर्चांत त्याची आठवण क्वचितच काढली जाते.

यकृताचा सिरॉसिस (यकृत घट्ट होऊन निकामी होत जाण्याचा विकार) झालेल्या रुग्णाचे नातेवाईक सांगत येतात की ते दिवसा झोपतात आणि रात्री जागे राहतात, लहानसहान गोष्टींवर चिडतात, हिशेब चुकतात, सही नीट जमत नाही. हात पुढे ताणून धरायला सांगितले की पंजे फडफडतात. पुढे भ्रम आणि शेवटी बेशुद्धी येते. यामागचे एक प्रमुख कारण अमोनिया आहे, आणि त्याचा मोठा भाग मोठ्या आतड्यातील जिवाणू प्रथिने आणि युरिया यांपासून तयार करतात. निरोगी यकृत तो रक्तातून काढून त्याचा युरिया बनवते. यकृत निकामी झाले किंवा रक्त त्याला वळसा घालून जाऊ लागले, की अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो. म्हणूनच अशा रुग्णाला साधा बद्धकोष्ठही धोक्याचा ठरतो.

उपचार कोणता, हे पाहण्यासारखे आहे. आम्ही मेंदूवरचे औषध देत नाही. लॅक्ट्युलोज ही शरीराला न पचणारी साखर देतो, जिवाणू ती आंबवतात, आतड्यातील आम्लता वाढते, अमोनिया तेथेच अडकतो आणि शौचावाटे बाहेर जातो. जोडीला रिफॅक्सिमिन देतो, जे प्रतिजैविक रक्तात जवळजवळ शोषलेच जात नाही. २०१० साली २९९ रुग्णांवर सहा महिने झालेल्या चाचणीत रिफॅक्सिमिन घेणाऱ्यांपैकी सुमारे २२ टक्क्यांना भ्रमाचा झटका पुन्हा आला. त्याऐवजी प्लासिबो (दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी) घेणाऱ्यांत हे प्रमाण जवळजवळ ४६ टक्के होते. दोन्ही गटांतील बहुतेक रुग्ण लॅक्ट्युलोजही घेत होते. आतड्याबाहेर न जाणाऱ्या औषधाने माणसाचे भान परत येते, याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

मात्र हे आजारी यकृताचे टोकाचे उदाहरण आहे. येथे जिवाणूंनी केलेले विष थेट मेंदूत जाते. वू यांच्या उंदरांत तसे काही नाही. तेथे शरीराची स्वतःची ताणयंत्रणा अधिक जोराने चालू होते. म्हणून ‘जिवाणूंमुळे वागणूक बदलते’ या एकाच वाक्याखाली दोन्ही गोष्टी टाकू नयेत, असे मला वाटते.

तर्करेषा :

डॉक्टरांचे उदाहरण मला पूर्ण पटते, आणि त्यामुळेच उंदरांवरून माणसांवर जाणाऱ्या दाव्यांबद्दल माझी कसोटी अधिक कडक होते. तीन गोष्टी नोंदवतो.

आयर्लंडमधील कॉर्क येथील जॉन क्रायन आणि टेड डिनन यांच्या गटाने २०११ साली एक गाजलेला प्रयोग प्रसिद्ध केला. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस या जिवाणूचा जेबी-१ नावाचा वाण उंदरांना दिला असता त्यांची भीती कमी झाली, ताणानंतरचे कॉर्टिकोस्टेरॉन कमी वाढले आणि मेंदूतील गाबा या द्रव्याच्या ग्राहींचे प्रमाण बदलले. व्हेगस चेता कापलेल्या उंदरांत हे परिणाम दिसले नाहीत. प्रयोग सुंदर होता. त्याच गटाने पुढे तोच वाण २९ निरोगी पुरुषांना आठ आठवड्यांच्या चाचणीत देऊन पाहिला आणि २०१७ साली निष्कर्ष छापला. ताण, कॉर्टिसॉल, स्मरण, मेंदूच्या विद्युतलहरी, कशातही प्लासिबोपेक्षा फरक आढळला नाही. आपल्याच गाजलेल्या निष्कर्षाविरुद्ध जाणारा निकाल त्यांनी स्वतः प्रसिद्ध केला, याबद्दल त्यांच्याविषयी आदर वाटतो. पण तो निकाल जाहिरातींत कोठेही दिसत नाही.

दुसरी गोष्ट कार्यकारणाच्या दिशेची. स्वमग्न मुलांच्या आतड्यातील जिवाणू वेगळे असतात, असे अनेक लहान अभ्यासांत आढळले आणि त्यावरून उपचारांच्या घोषणाही झाल्या. २०२१ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २४७ मुलांचे नमुने तपासले तेव्हा स्वमग्नतेशी जिवाणूंचा थेट संबंध नगण्य निघाला. मुलांच्या ठरावीक आवडींमुळे त्यांचा आहार मोजक्या पदार्थांपुरता राहतो, आणि आहारातील वैविध्य कमी झाल्याने जिवाणूंचे वैविध्य कमी होते, असा अर्थ त्यांनी लावला. म्हणजे येथे वागणुकीमुळे जिवाणू बदलले असण्याची शक्यता अधिक. अशा मुलांच्या पालकांना महागडी पथ्ये आणि पुड्या विकल्या जातात, याचा मला मनापासून राग येतो.

तिसरी, पद्धतीबद्दलची. माणसाची विष्ठा जंतुविरहित उंदरांत सोडून ‘आजारही सोबत गेला’ असे सांगणाऱ्या ३८ अभ्यासांचा जेन्स वॉल्टर आणि सहकाऱ्यांनी २०२० साली आढावा घेतला. त्यांपैकी ३६ अभ्यासांत, म्हणजे ९५ टक्क्यांत, होकारार्थी निकाल होता. इतके यश खऱ्या निसर्गात संभवत नाही, असे त्यांचे म्हणणे होते आणि मला ते योग्य वाटते.

वू यांचे काम यातील पहिल्या आक्षेपातून सुटत नाही, कारण ते उंदरांतच आहे. पण दुसऱ्यातून सुटते; तेथे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे प्रयोगानेच ठरवले आहे.

ऋजुता_अंतःस्राव :

चर्चेत संप्रेरक म्हणजे ताणाचे संप्रेरक एवढाच अर्थ राहू नये, म्हणून लैंगिक संप्रेरकांविषयी लिहिते. मी जीवरसायनशास्त्राची अध्यापक आहे.

इस्ट्रोजेनचे काम झाले की यकृत त्याला ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडते आणि पित्तावाटे आतड्यात सोडते. तेथे काही जिवाणूंकडे बीटा-ग्लुक्युरॉनिडेज हे विकर (एन्झाइम) असते. ते ही जोडणी तोडते आणि मोकळे झालेले इस्ट्रोजेन पुन्हा रक्तात शोषले जाते. त्यामुळे शरीरात किती इस्ट्रोजेन फिरत राहील, हे काही अंशी जिवाणूंवरही अवलंबून असते.

टेस्टोस्टेरॉनबाबतचा प्रयोग याहून चकित करणारा आहे. एनओडी जातीच्या उंदरांत पहिल्या प्रकारचा मधुमेह नरांपेक्षा माद्यांना अधिक होतो. टोरोंटोमधील जेन डॅन्स्का यांच्या गटाने २०१३ साली ‘सायन्स’मध्ये दाखवले की प्रौढ नरांच्या आतड्यातील जिवाणू लहान वयाच्या माद्यांना दिले असता त्यांच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन वाढले आणि मधुमेहापासून त्यांचे संरक्षण झाले. टेस्टोस्टेरॉनचे ग्राही औषधाने अडवल्यावर ते संरक्षण क्षीण झाले. संप्रेरके जिवाणू बदलतात आणि जिवाणू संप्रेरके बदलतात, अशी ही दुहेरी वाट आहे.

याचा वागणुकीशी संबंध असा, की ताणाला मिळणारा प्रतिसाद नर आणि मादी यांत मुळातच सारखा नसतो. कॉर्कची मानवी चाचणी फक्त पुरुषांवर झाली. मासिक पाळी, गर्भारपण, रजोनिवृत्ती या अवस्थांत संप्रेरकेही बदलतात आणि ताणाची यंत्रणाही. तेथे जिवाणूंचे काय होते याचा अभ्यास स्त्रियांमध्येच व्हायला हवा. पुरुषांवरच्या एका नकारावरून सर्वांसाठी दार बंद झाले असे मी मानणार नाही. पुरुषांवरचा होकार आला असता तर तोही मी स्त्रियांना लागू केला नसता.

आघारकर_रस्ता :

पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकलो असल्याने एक स्थानिक बाजू मांडावीशी वाटते. वर आलेले जवळजवळ सर्व मानवी अभ्यास युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया येथील आहेत. भारतीयांच्या आतड्याची घडण निराळी आहे. भोपाळच्या आयसर संस्थेतील विनीत शर्मा यांच्या गटाने २०१९ साली भोपाळ आणि केरळ येथील ११० निरोगी व्यक्तींचे नमुने तपासले. वनस्पतिज आहार अधिक असलेल्या भोपाळच्या गटात प्रिव्होटेला या जिवाणूंचे प्राबल्य ठळक होते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील योगेश शौचे यांच्या गटानेही भारतीयांत प्रिव्होटेला आणि मेगास्फीरा यांचे आधिक्य नोंदवले आहे. मेगास्फीरा इंडिका ही जात तर पुण्यातील संशोधकांनीच मानवी विष्ठेतून वेगळी करून २०१४ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. डाळी, ज्वारी-बाजरी, भाज्या यांतील तंतूंवर जगणारा हा समुदाय ताणाच्या संप्रेरकांशी कसा वागतो, हे युरोपातील आकडेवारीवरून काढता येणार नाही.

एक गोष्ट आणखी. आपल्याकडे या विषयाला लगेच ताक, आंबोळी आणि ढोकळा जोडला जातो. आंबवलेल्या पदार्थांविषयी स्टॅनफर्डमध्ये २०२१ साली ३६ प्रौढांवर झालेला दहा आठवड्यांच्या आहाराचा अभ्यास चांगला आहे. अशा पदार्थांनी जिवाणूंचे वैविध्य वाढले आणि दाहाशी संबंधित १९ प्रथिने घटली. परंतु त्याचे मुख्य निष्कर्ष प्रतिकारयंत्रणेबद्दलचे होते. घरच्या विरजणात कोणते वाण आहेत हे घरोघरी बदलते, आणि आंबोळी तर तव्यावर भाजली जाते, तेव्हा त्यातले बहुतेक जिवाणू मरतात. ताक जरूर प्यावे, मीही रोज पितो, पण मनःस्वास्थ्याचे औषध म्हणून नव्हे.

तर्करेषा यांच्या नोंदींत एक भर घालतो. ऑक्सफर्डमध्ये २०१५ साली ४५ निरोगी व्यक्तींवर एक चाचणी झाली. त्यात जिवाणू दिले नव्हते. जिवाणूंचे खाद्य, म्हणजे गॅलॅक्टोज या साखरेच्या साखळ्या, तीन आठवडे दिले होते. ते घेणाऱ्यांचे सकाळी उठल्यानंतर लाळेत वाढणारे कॉर्टिसॉल प्लासिबोच्या तुलनेत कमी राहिले. फ्रुक्टोजच्या साखळ्यांनी मात्र तसे झाले नाही. लहान अभ्यास आहे, तरीही संप्रेरक प्रत्यक्ष मोजलेला मानवी पुरावा म्हणून तो विचारात घ्यावा लागेल.

मृण्मयी_क :

सर्वांचे आभार. माझा दुसरा प्रश्न अजून मनात आहे, आणि शिवाय नवा एक आला. एंटेरोकॉकस फीकॅलिस इतका उपयोगी असेल, तर तो कॅप्सूलमधून का देत नाहीत?

अनुस्वार :

नव्या प्रश्नापासून सुरुवात करतो. एंटेरोकॉकस फीकॅलिस आपल्या बहुतेकांच्या आतड्यात गुपचूप नांदतो. त्याचे काही वाण मात्र रुग्णालयांत मूत्रमार्गाचे आणि हृदयाच्या झडपांचे गंभीर संसर्ग घडवतात, आणि काही तर व्हँकोमायसिनलाही दाद देत नाहीत. शिवाय २०१९ साली हार्वर्डमधील एमिली बाल्स्कस यांच्या गटाने दाखवले की पार्किन्सनच्या रुग्णांना दिले जाणारे लेवोडोपा हे औषध हाच जिवाणू आतड्यातच डोपामाइनमध्ये बदलतो. डोपामाइन तेथून मेंदूत जाऊ शकत नाही, त्यामुळे औषधाचा तेवढा भाग वाया जातो. एकाच जातीचा जिवाणू एका पिंजऱ्यात ताण उतरवतो, दुसऱ्या रुग्णाचे औषध खातो आणि तिसऱ्याच्या रक्तात शिरून जीव धोक्यात आणतो. कोणता वाण, कोणाच्या शरीरात आणि कोणत्या अवस्थेत, हे ठरल्याशिवाय तो कॅप्सूलमध्ये भरणे बेजबाबदारपणाचे होईल.

आता आपल्या मुलाविषयी. वू यांच्या प्रयोगात चार प्रतिजैविकांच्या मिश्रणाने जिवाणू जवळजवळ पुसून टाकले होते. कानाच्या संसर्गासाठी डॉक्टरांनी वेळोवेळी काही दिवस दिलेल्या औषधाशी त्याची बरोबरी होत नाही. त्यानंतर आतड्यातील बराचसा समुदाय पुन्हा उभा राहतो. लहान वयाचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. जपानमधील क्यूशू विद्यापीठात नोबुयुकी सुदो यांनी २००४ साली जंतुविरहित उंदरांची ताणाला मिळणारी अतिरेकी प्रतिक्रिया प्रथम दाखवली, तेव्हा सामान्य उंदरांचे जिवाणू लहान वयात दिले तर ती काही अंशी सुधारली आणि उशिरा दिले तर सुधारली नाही, असेही त्यांना आढळले होते. परंतु ते उंदीर जन्मापासून एकाही जिवाणूच्या संपर्कात आलेले नव्हते. तशी स्थिती आपल्या कोणत्याही मुलाची नसते. बुजरेपणा हा पुष्कळ मुलांचा स्वभाव असतो. त्याचा शाळेत किंवा घरी त्रास होत असेल तर बालरोगतज्ज्ञांशी बोलावे, पण या संशोधनातून आपल्याकडे कोणताही दोष येत नाही. संसर्गावर उपचार करणे त्या वेळी आवश्यकच होते.

मानवाबाबत पुढचा प्रयोग कसा असावा, याबद्दल माझे मत सांगतो. अनोळखी परीक्षकांसमोर अचानक भाषण आणि तोंडी गणित करायला लावून लाळेतील कॉर्टिसॉल मोजण्याची पद्धत जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठात १९९३ साली सिद्ध झाली आणि जगभर वापरली जाते. यकृताच्या रोगासाठी रिफॅक्सिमिन किंवा अन्य कारणासाठी दीर्घकाळ प्रतिजैविके घ्यावी लागणाऱ्या रुग्णांत, औषधापूर्वी, औषध चालू असताना आणि नंतर, आतड्यातील जिवाणू आणि हा प्रतिसाद दोन्ही एकत्र मोजता येतील. ऋजुताताईंनी म्हटल्याप्रमाणे त्यात स्त्रियांचा वेगळा गट हवा, आणि भारतात करायचा तर आहाराची नोंद काटेकोर हवी. डॉक्टर, यकृताच्या रुग्णांत अमोनियाचाच परिणाम इतका मोठा असेल की त्यात ताणाचा वेगळा सूर ऐकू येणार नाही, अशी शंका मला आहे. आपला अनुभव काय सांगतो?

प्रभाकर_ना :

शंका रास्त आहे. सिरॉसिसच्या रुग्णांत अधिवृक्क ग्रंथींचा प्रतिसादही अनेकदा मंदावलेला असतो, त्यामुळे तेथे कॉर्टिसॉलचा अर्थ लावणे दुहेरी कठीण होईल. ज्यांचे यकृत निरोगी आहे असे रुग्ण निवडावेत. प्रवासातील अतिसारासाठी किंवा आतड्याच्या क्षोभविकारासाठी (आयबीएस) रिफॅक्सिमिन अल्पकाळ दिले जाते. तो गट या प्रश्नासाठी अधिक योग्य ठरेल. मात्र रिफॅक्सिमिन मोठ्या आतड्यातील जिवाणूंची एकूण संख्या फारशी घटवत नाही, त्यांची कामगिरी बदलते. म्हणून फक्त जिवाणूंची नावे न मोजता ते कोणती द्रव्ये तयार करत आहेत, हेही सोबत मोजावे लागेल.